सोबतीण हसली होती

दूधवाल्यांच्या घरात त्या दिवशी सकाळी भांडण पेटलं ते वाटीभर पेजेवरून. सासू म्हणायची, खा. सून म्हणायची, नको. पेज गार होऊन वर साय धरायला लागली तरी दोघींपैकी एकही माघार घेईना. तेवढ्यात दारात सोबतीण येऊन उभी राहिली. बटाट्याच्या काढणीवरून तशीच आली होती. चार दिवस आभाळ भरलेलं, मधूनच भुरभुर, आणि ती काळी चिकट माती एकदा पायाला लागली की सुटायचं नाव घेत नाही. तिनं दाराबाहेरच्या बादलीत पाय धुतले, कोपरापर्यंत हात घासले, नखं घासली, आणि पुन्हा एकदा हात घासले. आत जायला पाय उचलत नव्हता म्हणून ही घासाघाशी लांबत होती, हे तिचं तिलाच माहीत.

"बरी आलीस बाई," सासू म्हणाली. "आता तूच बघ हिच्याकडं. बावीस दिवस झाले बाळंत होऊन. खायचं नाही, बोलायचं नाही, पोरीला हात लावायचा नाही. मी म्हातारीनं गोठ्यातल्या अकरा जनावरांचं बघायचं, का हिच्या तोंडाशी वाटी धरून बसायचं?"

"तुम्ही गोठा बघा. मी आहे इथं."

"तू आहेस म्हणून तर चाललंय. त्या दिवशी तू नसतीस तर ही हातची गेलीच होती. मी दूध घालायला जाते तिथं दारोदार सांगते, सोबतीणीनं आमची सून वाचवली. हिनं काय, मधेच धीर सोडून दिला."

खाटेवरची सून भिंतीकडं तोंड करून पडली होती.   सोबतीणीनं मुकाट्यानं पाळण्यातली पोरगी उचलून घेतली. गेले तेरा दिवस हे असंच चाललं होतं.

आता ही सोबतीण म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ती सुईण नव्हे. नर्स तर नव्हेच नव्हे. नाळ कापायला किंवा सुई टोचायला तिला कोणी सांगत नसे, आणि कोणी सांगितलं असतं तरी तिनं केलं नसतं. तिचं काम एकच, बाईच्या सोबत राहायचं. पाचवा-सहावा महिना लागला की गावातल्या पोरी दर गुरुवारी तिच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जमायच्या. पेंढा भरलेल्या पोत्यांवर त्यांना बसवून ती सांगायची, कळ आली की श्वास कसा सोडायचा, कुठं रेलायचं, पिशवीत कोणते कपडे भरायचे, कोणती खूण दिसली की घरातलं सगळं टाकून आरोग्य केंद्र गाठायचं. मग कळा सुरू झाल्या की शेतातलं खुरपं तिथंच टाकून ही त्या बाईबरोबर जायची. कंबर मुठींनी दाबायची, घोट घोट पाणी पाजायची, कपाळ पुसायची, आणि बाईनं हात धरला की तो तिनं सोडेपर्यंत सोडायची नाही. बाळंतपण झाल्यावरही महिना दीड महिना रोज दोन तास. बाळाला आंघोळ, आईला झोप, आणि घरातल्या मोठ्या बायकांच्या तोंडाला लगाम, ही तिन्ही कामं तिचीच.

तिला स्वतःला पहिल्या खेपेला एका खोलीत एकटीला टाकून सगळे शेतात निघून गेले होते. ते तिनं कधी विसरलं नाही. माझ्या गावात यापुढं एकही बाई एकटी ओरडणार नाही, असं तिनं मनाशी धरलं आणि वीस वर्षं ते पाळलं. मोठी मनस्वी बाई. पण अशा माणसांना एक खोड लागते, आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं. तिलाही लागली होती.

गुरुवारच्या बैठकीत ती प्रत्येकीला एक गोष्ट हमखास सांगायची. "एक वेळ अशी येईल की तू म्हणशील, काकी, आता मला जमत नाही. सगळ्याच म्हणतात. मी मी म्हणणाऱ्याही म्हणतात. ते म्हटलंस की मी हसेन. माझ्यावर चिडायचं नाही. कारण त्याचा अर्थ एकच, बाळ दाराशी आलंय." पोरी खिदळायच्या. आणि ते खरंच होतं. पन्नास-साठ बायकांच्या वेळी ते शब्द आले आणि मागोमाग बाळ आलं. एकदाही चुकलं नव्हतं.

दूधवाल्यांच्या धाकट्या सुनेच्या वेळी चुकलं.

भर दुपारची वेळ होती. आरोग्य केंद्रात खाटा दोन, बाया दोन, आणि नर्सबाई एकटी. पलीकडच्या खाटेवरची बाई आधी मोकळी होणार अशी चिन्हं होती, म्हणून नर्सबाई तिच्यापाशी. इकडं ही पोरगी सोबतीणीचा हात पिळून म्हणाली, "काकी, मला जमत नाही."

सोबतीण हसली. मनापासून हसली. "आलं बघ आता," ती म्हणाली.

"तसं नाही काकी. हे थांबतच नाही. कळ जाते आणि तरी दुखतंच. मधे सुटतच नाही. काहीतरी वेगळं आहे."

सोबतीणीचा डावा हात तिच्या पोटावर होता. पोट कडक लागत होतं, आणि कळ ओसरल्यावर जसं मऊ पडायला हवं तसं पडत नव्हतं. हाताला कळलं होतं ते. पण डोक्यात साठ बायकांचा हिशेब बसला होता, त्यानं हाताचं ऐकू दिलं नाही. पडद्यापलीकडून नर्सबाईंनी विचारलं, "कशी आहे गं तिकडं?"

"जवळ आलंय," सोबतीण म्हणाली. "जमत नाही म्हणायला लागली."

नर्सबाईही हसल्या. त्यांनाही ही खूण पाठ होती, आणि सोबतीणीच्या शब्दावर त्यांचा भरवसा होता.

पोरीनं आणखी दोनदा सांगितलं. मग तिनं सांगणं सोडलं. ओठ आवळून ती समोरच्या भिंतीकडं बघत पडून राहिली. आणि सोबतीणीनं काय करावं? तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शहाणी गं माझी. आता बघ कसं धीरानं घेतेस."

पलीकडचं बाळंतपण उरकून नर्सबाई आल्या, त्यांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी लगेच गाडी बोलावली. बाळाला पोसणारी वार बाळाआधीच आतल्या आत सुटली होती, तिथंच रक्त साठत होतं. शहराच्या मोठ्या दवाखान्यात पोट फाडून पोरगी काढली. पोरगी जगली, सहा दिवस काचेच्या पेटीत राहून जगली. आईही जगली. पण रक्त काही केल्या थांबेना म्हणून तिची गर्भाची पिशवी काढावी लागली. वय वर्षं तेवीस. आता दुसरं लेकरू नाही.

सगळ्यांनी बघितलं ते एवढंच, की गाडीत चढताना सोबतीणीनं तिचा हात धरला होता आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नव्हता. दुधाची गाडी चालवणारा तिचा नवरा, सहा फुटी गडी, सोबतीणीच्या पायाशी वाकला. "काकी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत," म्हणाला. तिनं पाय मागं घेतले, पण तोंड उघडलं नाही. तिथंच पहिली चूक मोठी झाली. माणसाच्या हातून चूक होते, ती एकदाच होते. ती झाकून ठेवणं मात्र रोज नव्यानं करावं लागतं.

आठवड्यानं ती नर्सबाईंकडं गेली. नर्सबाई केंद्रामागच्या नळावर रबरी हातमोजे धूत होत्या.

"लवकर कळलं असतं तर पिशवी राहिली असती का हो?" तिनं विचारलं.

"राहिली असती, नसती. ते कोणीच सांगू शकत नाही."

"पण वेळ तर मिळाला असता."

"वेळ मिळाला असता." नर्सबाईंनी नळ बंद केला. "हे बघ, माझा हात तिच्या पोटाला लागायला हवा होता. तुझ्या शब्दावर विसंबले, ही माझी चूक. मी तसं लिहून वर कळवलंय. मला बोलावतील, विचारतील, काय व्हायचं ते होईल."

"आणि मला?"

"तुला कोण विचारणार? तू कागदावर कुठंच नाहीस. ना नोकरी, ना सही." मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि तिला सांगायला जाऊ नकोस आत्ता. ओल्या जखमेवर कशाला? शिवाय हे बाहेर गेलं तर उद्या कुठली बाई तुझा हात धरेल? ज्या पाच-सहा जणी तुझ्या भरवशावर आहेत त्यांचं काय?"

सल्ला वाईट नव्हता. सोबतीणीला तो पटलाही. पण आपल्याला कोणी विचारणारच नाही, हे ऐकून तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. रात्री अंथरुणावर पडली की तिला तिचं स्वतःचं हसू ऐकू यायचं. नवरा विचारायचा, काय झालं, झोप का नाही. ती म्हणायची, बटाटे कुजतील याची काळजी लागलीय. त्यालाही खोटंच.

तर अशी ती त्या सकाळी दूधवाल्यांच्या घरात बसली होती. सासू गोठ्यात निघून गेली. सोबतीणीनं पाटावर पाय पसरून पोरीला आंघोळ घातली. मान सांभाळत, काखा आणि मांड्यांच्या घड्या धूत, हलक्या हातानं. पोरगी रडली नाही, नुसती तोंड वासून हवेत काहीतरी शोधत राहिली. भुकेली होती.

"घेतेस का जरा पाजायला?" सोबतीणीनं विचारलं.

"बाटलीच द्या." भिंतीकडं तोंड करूनच सून बोलली. मग म्हणाली, "काकी, उद्या गुरुवार ना?"

"हो."

"किती जणी येतात आता?"

"पाच. ट्रॅक्टरवाल्याची बायको नवीन आहे. सातवा लागलाय तिला."

"त्यांना माझं सांगा."

"तुझं काय सांगू?"

"धीर सोडला की काय होतं ते. तुम्ही एवढं शिकवलेलं. चार महिने दर गुरुवारी आले मी, एकदा चुकवला नाही. आणि ऐन वेळेला जमत नाही, जमत नाही करत बसले. आई म्हणतात ते खरंच आहे. मी घट्ट राहिले असते तर हे झालं नसतं." तिनं चादर कानापर्यंत ओढली. "पोरीकडं बघायला तोंड नाही मला. तिला भाऊ नाही, बहीण नाही, कायमची एकटी केली मी तिला. त्या पाच जणींना सांगा, म्हणावं असं करू नका."

सोबतीणीच्या मांडीवर ओली पोरगी होती. तिनं ती टॉवेलात गुंडाळली. असं बोलू नये गं, सगळ्यांचंच होतं असं, तुझा काय दोष, हे शब्द तिच्या ओठांवर तयार होते. तेरा दिवस ती तेच बोलत आली होती. दिसायला माया, आणि आत नुसता पळपुटेपणा. पण आता ही सून सोबतीणीचं खोटं पाच जणींच्या गळ्यात बांधायला निघाली होती. उद्या त्या पाच जणी काही वेगळं दुखलं तरी ओठ आवळून पडून राहतील, हे सोबतीणीला समोर दिसलं.

"तू धीर सोडला नव्हतास," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही."

"काय ऐकलं नाही?"

"तू सांगत होतीस ना, मधे सुटत नाही म्हणून. माझा हात होता तुझ्या पोटावर. माझ्या हातालाही लागत होतं, पोट मऊ पडत नव्हतं ते. नर्सबाईंना तेव्हाच हाक मारायला हवी होती. त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं, जवळ आलंय."

सून कुशीवर वळली. बावीस दिवसांत पहिल्यांदा ती सरळ सोबतीणीच्या तोंडाकडं बघत होती.

"मी परत सांगितलं होतं."

"सांगितलंस. तीनदा सांगितलंस एकूण."

"आणि मग मी गप्प बसले."

"हो. आणि मी तुला शाबासकी दिली."

"मधे किती वेळ गेला?"

"दीड तास."

"तुम्ही हसला होतात."

"हसले होते."

बाहेर दुधाच्या किटल्या एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता. सून उठून बसायला लागली. टाक्यांवर हात दाबून, दात आवळून, इंच इंच. सोबतीण मदतीला पुढं झाली तर तिनं तिचा हात झटकून टाकला.

"मला वाटलं माझंच डोकं फिरलंय," ती म्हणाली. "सगळ्या बायांना जमतं, मलाच जमत नाही. मी उगाच कांगावा करतेय. तुम्ही हसलात ना, तेव्हा मला तसं वाटलं." तिचा आवाज चढत गेला. "मी बरोबर सांगत होते. मी बरोबर सांगत होते, काकी."

"हो."

"तेरा दिवस येताय तुम्ही इथं. माझे पाय चेपता, माझी वेणी घालता. रोज आई माझ्या डोक्याशी उभ्या राहून म्हणतात, हिनं वाचवली तुला. आणि तुम्ही ते ऐकून घेत होतात."

"हो."

 माफ कर, असं म्हणायचं सोबतीणीच्या मनात आलं होतं. पण माफ कर म्हणणं म्हणजे या पोरीच्या अंगावर आणखी एक काम टाकणं, आणि तिच्या अंगावर आधीच काय कमी होतं? म्हणून ती ते बोलली नाही. डोळे मात्र भरून आले, ते तिनं खांद्याला पुसले.

"द्या ती इकडं," सून म्हणाली.

सोबतीणीनं बाळ तिच्या हातात दिलं. तिनं पाठीला उशी ओढून घेतली, कोणी न सांगता पोरीला छातीशी धरलं, आणि चिडूनच पाजायला घेतलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा पोरीनं धरलं. दोघी मायलेकी घामाघूम झाल्या.

"उद्यापासून येऊ नका," ती मान वर न करता म्हणाली.

नेमकी तेव्हाच सासू आत आली. तिनं सुनेला बसलेली बघितलं, नातीला पिताना बघितलं, आणि तिचा चेहरा फुलला. मग ते शेवटचे शब्द तिच्या ध्यानात आले. "अगं, काय बोलतेस? कोणाला बोलतेस? जिनं तुझा जीव वाचवला तिला?"

"आई, मी धीर सोडला असं परत म्हणायचं नाही. तुम्हीही नाही आणि कोणीही नाही. मी वेळेवर सांगितलं होतं. ऐकलं नाही कोणी."

सासूनं सोबतीणीकडं बघितलं. "काय म्हणतेय ही?"

"खरं म्हणतेय," सोबतीण म्हणाली आणि उठली. सासू वाटेतून बाजूला झाली. इतके दिवस दारापर्यंत सोडायला यायची, आज जागची हलली नाही. उंबऱ्याशी गेल्यावर मागून सुनेचा आवाज आला, "आणि उद्या त्या बायकांना सांगायचं. जसं मला सांगितलंत तसं. हसलात तेसुद्धा."

सोबतीणीनं मान हलवली.

संध्याकाळपर्यंत गावात कुजबुज पोचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पाचही जणी वेळेआधी येऊन बसल्या होत्या आणि एकीच्याही तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं. आभाळ अजून फाकलं नव्हतं. पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं आणि अंगणात पावलांचा नुसता चिखल झाला होता. सोबतीणीनं घसा साफ केला. वीस वर्षं इथं बसून ती बोलत आली होती, कधी शब्दाला अडली नव्हती. आज तिला पहिलं वाक्य सापडेना.

"मी तुम्हाला एक गोष्ट सांगत आलेय," ती शेवटी म्हणाली. "जमत नाही म्हणालात की मी हसेन, ही. ती आजपासून विसरा."

एवढं बोलून ती थांबली, कारण फाटकाशी दुधाची गाडी उभी राहिली होती. दूधवाल्यांची धाकटी सून खाली उतरली. अंगावर नवऱ्याचा जाड कोट, छातीशी गुंडाळलेली पोरगी. नवरा हात द्यायला आला तर त्याला तिनं गाडीतच बस म्हणून खुणावलं. चिखलातून एक एक पाऊल टाकत ती शेडपर्यंत आली आणि सगळ्यात मागच्या पोत्यावर बसली.  सोबतीणीच्या नजरेला नजर लावून बसली फक्त.

सोबतीणीनं सांगायला सुरुवात केली. काहीच वगळलं नाही. हाताला काय लागलं, नर्सबाईंना काय सांगितलं, आपण कशा हसलो, आणि पोरगी गप्प झाल्यावर तिला शहाणी कशी म्हणालो. मधेच त्या पाचांतली एक, सरपंचाची सून, उठली, पिशवी उचलली आणि न बोलता निघून गेली. तिला थांबवायला सोबतीणीला तोंडही नव्हतं आणि हक्कही नव्हता. ट्रॅक्टरवाल्याची बायको पोटावर दोन्ही हात ठेवून ऐकत होती.

"असा दीड तास गेला," सोबतीण म्हणाली.

"पावणेदोन," मागून आवाज आला. "घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर होतं. मी त्याच्याकडंच बघत पडले होते."

सगळ्या मागं वळल्या. सोबतीणीनं तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली.

"पावणेदोन तास," ती म्हणाली, आणि तिथून पुढं सांगायला लागली.